वहन, अभिसरण, प्रारण : आपल्या भागातल्या एका धड्याचा इतिहास



गॅदरिंग, सहली, कबड्डीचे सामने आणि वर्गाबाहेर अंगठे धरून उभे राहिलेले वीर यांच्यावर या स्मरणिकेत लिहिणारे पुष्कळ आहेत. ते माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी एका धड्यावर लिहिणार आहे. ‘उष्णतेचे संक्रमण’ हा तो धडा. दहावीला बसलेल्या आपल्या कुठल्याही तुकडीतल्या कोणालाही विचारा, उष्णता संक्रमणाचे प्रकार किती? उत्तर एका दमात येते : तीन. वहन, अभिसरण, प्रारण. प्रमेये विसरली, सनावळ्या विसरल्या, पण हे तीन शब्द टिकून आहेत. हे शब्द आपल्या वर्गात केव्हा आले, त्यांच्या आधी इथे काय होते आणि त्यांतला तिसरा शब्द शिकवणे इतके अवघड का, हे बघताना आपल्या जिल्ह्याच्या शिक्षणाचा बराच इतिहास हाती लागतो.

हरारत ते उष्णता

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा ज्या सरकारी शाळेत शिकले, तिथे उष्णता हा शब्दच नव्हता. तिथे होती ‘हरारत’. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी शाळांमध्ये वरच्या इयत्तांचे माध्यम उर्दू होते. उष्णतेच्या तीन वाटांना उर्दूत ‘इसाल’, ‘हमल’ आणि ‘इशआ’ म्हणतात. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि पुढे इंग्रजी अशी तीन भाषांची कसरत करत ती पिढी शिकली. जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘इम्तेहान’, ‘सदर मुदर्रिस’ असे शब्द येतात, ते याच काळातले.

या व्यवस्थेबद्दल दोन्ही बाजू नोंदवल्या पाहिजेत. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. भारतीय भाषेत पदवीपर्यंतचे सगळे शिक्षण देणारे ते आधुनिक काळातले पहिले मोठे विद्यापीठ. त्यासाठी १९१७ मध्ये ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर संस्था काढली गेली. तिचे पहिले प्रमुख होते मौलवी अब्दुल हक. त्याआधी ते आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादला, शिक्षण खात्यात काम करत होते. या संस्थेने पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक आणि अभियांत्रिकी यांची पुस्तके उर्दूत आणली आणि हजारो पारिभाषिक शब्द घडवले. उच्च विज्ञान आपल्या भाषेत शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आजही दाखवता येते.

पण ‘आपली भाषा’ कोणाची, हा प्रश्न त्यात राहूनच गेला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतल्या बहुसंख्य मुलांची भाषा मराठी होती. त्यांच्या दृष्टीने ‘इशआ’ हा शब्द इंग्रजी ‘रेडिएशन’इतकाच परका होता. म्हणूनच या भागात खासगी मराठी शाळांना चळवळीचे रूप आले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा ही त्यांतली ठळक नावे. या दोन्ही ठिकाणी शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. मराठवाड्यात शाळामास्तर आणि स्वातंत्र्यसैनिक हे दोन शब्द इतके जवळ का आले, त्याचे एक कारण हे आहे.

मुक्तीनंतर चित्र झपाट्याने बदलले. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. शाळा मराठी झाल्या. पण शिकवणारे कोण होते? स्वतः उर्दूत विज्ञान शिकलेले गुरुजी. ज्या शब्दांत आपण शिकलो ते बाजूला ठेवायचे आणि ज्या शब्दांत कधीच शिकलो नाही त्यांत दुसऱ्या दिवशी तास घ्यायचा, हे काम त्या पिढीने केले. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यासाठी ओळ नाही. या स्मरणिकेत ती असावी, म्हणून लिहिते आहे.

शब्द कसे आले

मराठीत विज्ञानाची पुस्तके लिहिण्याची परंपरा तशी जुनी. १८३० च्या दशकात मुंबईला हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र संवादरूपाने मराठीत आणले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले. पुण्याहून १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ निघू लागले. पण ही सगळी घडामोड मुंबई-पुण्याकडची. राज्याची सीमा आणि माध्यमाची भिंत यांमुळे आपल्याकडच्या शाळांपर्यंत ती फारशी पोहोचली नाही.

महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले आणि विषयवार परिभाषा कोश तयार होऊ लागले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद निघाली आणि २७ जानेवारी १९६७ ला बालभारती. गंगाखेडच्या आणि गिरगावच्या मुलाच्या दप्तरात एकच विज्ञानाचे पुस्तक आले. आपल्या भागासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही.

आता ते तीन शब्द पाहू. ‘वहन’ म्हणजे वाहून नेणे. सळईचे एक टोक चुलीत घातले की कण जागच्या जागी थरथरतात आणि शेजाऱ्याला धक्का देत उष्णता पुढे पाठवतात. ‘अभिसरण’ आपल्याला ‘रक्ताभिसरणा’तून ओळखीचे. इथे कण स्वतःच प्रवास करतात. पातेल्यातले तळचे तापलेले पाणी वर येते आणि वरचे गार पाणी खाली जाते. हे दोन शब्द फोडून सांगता येतात. ‘प्रारण’ मात्र कुठल्याच घरगुती शब्दाशी नाते सांगत नाही. तो पाठच करावा लागतो.

तरी या शब्दाची एक बाजू घ्यावीशी वाटते. इंग्रजीतला ‘रेडिएशन’ हा एकच शब्द चुलीच्या धगीलाही चालतो आणि अणुभट्टीतल्या घातक किरणांनाही. त्यामुळे मोबाइलचा टॉवर, मायक्रोवेव्ह, एक्स-रे आणि चेर्नोबिल हे सगळे लोकांच्या मनात एका पोत्यात भरले जाते. मराठीत धगीसाठी ‘प्रारण’ आणि युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या गुणधर्मासाठी ‘किरणोत्सार’ असे दोन वेगळे शब्द आहेत. आकाश निळे दिसण्यामागच्या घटनेसाठी ‘विकिरण’ हा तिसरा आहे. हिंदीत मात्र ‘विकिरण’ म्हणजेच रेडिएशन. स्पर्धा परीक्षांची हिंदी पुस्तके वाचणाऱ्या आपल्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. शिकवणाऱ्यांनी हा फरक फळ्यावर लिहून द्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

तिसरी वाट अवघड का?

आमची तुकडी १९९७ ची. तेव्हा हिंगोलीही आपल्याच जिल्ह्यात होते. वहनाचा प्रयोग सगळ्यांना आठवत असेल. सळईला मेणाने टाचण्या चिकटवायच्या, एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर धरायचे आणि टाचण्या एकामागून एक पडताना मोजायच्या. अभिसरणासाठी चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचे खडे टाकले की जांभळ्या रेघा वर चढायच्या. प्रारणाला मात्र दाखवण्यासारखे काही नाही. सूर्य, पृथ्वी आणि मध्ये बाणांची आकृती. माध्यमाशिवाय होते ते प्रारण, एवढी व्याख्या लिहून पुढचा धडा.

आमच्या सरांनी तिथे दोन डबे आणले होते. एक चकचकीत, एक बाहेरून काजळी फासलेला. दोन्हींत सारखे पाणी भरून मैदानात उन्हात ठेवले आणि तासाच्या शेवटी तापमापी बुडवली. काळ्यातले पाणी जास्त तापले होते. मग सरांनी विचारले, आता दोन्हींत सारखेच उकळते पाणी घालून सावलीत ठेवले, तर आधी कोणते निवेल? वर्गातले बहुतेक जण म्हणाले, चकचकीत. कारण काळा डबा उष्णता धरून ठेवतो ना! दुसऱ्या दिवशी आधी काळाच निवला. जो जास्त घेतो तोच जास्त देतोही, हा नियम त्या दिवशी चाळीस जणांना कायमचा कळला.

ही तिसरी वाट कळायला विज्ञानालाही वेळ लागला. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवली. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सगळ्यात वर चढला. अवरक्त किरणांचा तो पहिला पुरावा. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार किती प्रारण सोडते, हे सूत्र जोसेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडले. निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात, असा तो नियम. तापमान थोडे वाढले की प्रारण पुष्कळ वाढते, ते या चौथ्या घातामुळे.

या इतिहासात आपल्या देशाचेही एक पान आहे. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांची हकिकत लिहून पाठवली. उघड्या मैदानात साधारण दोन फूट खोल खड्डे, तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर आणि त्यावर मातीच्या उथळ परळांत पाणी. हिवाळ्यातली निरभ्र, वारा नसलेली रात्र असेल, तर पहाटे परळात बर्फ! हवेचे तापमान गोठणबिंदूच्या खाली गेलेले नसतानाही हे कसे होते? लंडनमधले डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवावर निबंध लिहून त्याचा उलगडा केला. उघड्यावर ठेवलेली वस्तू आकाशाकडे प्रारण सोडत राहते. आकाशाकडून तितके परत येत नाही. मग ती भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. ताटांचा थर खालून येणारी जमिनीची ऊब अडवतो. ढग आले की ते पांघरुणासारखे काम करतात आणि बर्फ होत नाही. त्या कारागिरांना सूत्र ठाऊक नव्हते, पण खड्डा, ताटे, उथळ परळ आणि निरभ्र रात्र यांतली एकेक अट त्यांनी बरोबर जुळवली होती.

परभणीची दोन टोके

हे सगळे आपल्यासाठी लांबचे नाही. १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ आले. तिथल्या वेधशाळेचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकतात. काही वर्षी किमान तापमान ५ अंशांच्याही खाली गेले आहे आणि परभणीचे नाव राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांत लागले आहे. त्याच परभणीत मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो. बाहेरगावचे लोक विचारतात, तुमच्याकडे ना डोंगर ना बर्फ, मग एवढी थंडी कशी? उत्तर आपल्या धड्यातच आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र मोठी. दिवसभर घेतलेली उष्णता जमीन रात्री प्रारणाने आकाशात सोडून देते आणि ती परत फेकायला वर ढगही नसतात, पुरेशी वाफही नसते. अलाहाबादच्या परळात जे घडत होते, तेच आपल्या शेतात घडते. थंडीच्या लाटेत बागेला संध्याकाळी हलके पाणी द्या, रोपवाटिकेवर रात्री आच्छादन घाला, हा कृषी सल्ला याच धड्यावर उभा आहे. ओल्या मातीत ऊब जास्त साठते आणि आच्छादन रोपाला उघड्या आकाशापासून झाकते.

हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसून पाहिलेच असेल. तोंड भाजते, पाठ गारठते. मध्ये कोणी येऊन उभे राहिले की गालावरची धग त्याच क्षणी थांबते. गरम हवा तर वर निघून जात असते, मग समोरून गालापर्यंत येते ते काय? प्रारण. धड्यात नसलेला तो प्रयोग आपल्या शेतात दर वर्षी होत होता. वर्गाने शेताकडे बोट दाखवायचेच बाकी होते.

शिक्षणाच्या अभ्यासकांनीही हेच सांगितले आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यात खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये काम केले. मुलांना विज्ञान अवघड जाते, त्यात पुस्तकाच्या भाषेचाही मोठा अडसर असतो, असे तिथे दिसून आले. विषय तोच ठेवून भाषा सोपी केली की मुलांची समज वाढते. १९७२ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमानेही हाताशी असलेल्या वस्तूंतून प्रयोग करवले.

पुढे मेकॅनिकल इंजिनिअरिंगला ‘हीट ट्रान्सफर’ हा पूर्ण विषय इंग्रजीत आला. शहरातून आलेल्या मुलींना शब्द आधीच माहीत होते. मला शब्द नवे होते, पण काळ्या डब्याचा नियम माहीत होता. सूत्रातला उत्सर्जकता नावाचा गुणांक म्हणजे सरांची काजळी, हे कळायला वेळ लागला नाही. मातृभाषेत पाया झाला की भाषा बदलताना पाटीच तेवढी बदलते, माल तोच राहतो. आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि हजारो सर्व्हरच्या खोल्या थंड ठेवण्याचा खर्च किती असतो, हे जवळून बघते. तिथेही वाटा त्याच तीन आहेत.

पत्र्याखालचा वर्ग

आता या धड्याच्या वर्तमानाकडे येते, कारण खरी काळजी तिथे आहे. आपल्या गावांतली जुनी घरे माळवदाची होती. लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर आणि वरून पांढरी माती. जाड मातीतून वहन हळू होते, म्हणून दुपारची उष्णता खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते. वरचा रंग उजळ, म्हणून ऊन काही प्रमाणात परत फेकले जाते. साण्यातून गरम हवा वर निघून जाते. तिन्ही वाटांचा विचार त्या एका छतात होता. पण माळवदाला दरवर्षी डागडुजी लागते, पावसात ते गळते, म्हणून पत्रे आले. शाळांच्या खोल्यांवरही पत्रेच आले.

एप्रिलच्या दुपारी पत्रा सहज ६० अंशांपर्यंत तापतो. स्टेफानच्या नियमाने आदर्श काळा पृष्ठभाग या तापमानाला दर चौरस मीटरला सुमारे ७०० वॅट प्रारण सोडतो. आपली त्वचा साधारण ३५ अंशांना सुमारे ५१० वॅट सोडते. म्हणजे पत्र्याखाली बसलेल्या मुलाच्या डोक्याला, दर चौरस मीटरच्या हिशेबाने, दीडशे-दोनशे वॅटची शेगडी वरून चालू असते. गंजलेला किंवा रंगवलेला पत्रा या आकड्याच्या बराच जवळ जातो. पंखा लावला तरी ही शेगडी विझत नाही, कारण पंखा हवा हलवतो, प्रारण अडवत नाही. मुले झोपाळतात, चिडतात, त्यांचे लक्ष उडते, ते आळसामुळे नव्हे.

उपाय धड्याच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. छताला पांढरा चुना किंवा पांढरा परावर्तक रंग. पांढरा थर डोळ्यांना दिसणारे ऊन परत फेकतो आणि अवरक्त किरणांच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ काळ्या डब्यासारखा वागतो, म्हणजे स्वतःची उष्णता आकाशाकडे मोकळेपणाने सोडतो. नुसता चकचकीत पत्रा ऊन परत फेकतो खरा, पण स्वतःची उष्णता सोडण्यात कंजूष असतो, म्हणून तापत राहतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला आणि पुढे अशी पांढरी छते त्याचा भाग झाली. जोडीला पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा थर्माकोलचे आतले छत टाकले, तर तापलेला पत्रा मुलांच्या डोक्याला थेट दिसत नाही. जे दिसत नाही, त्याचे प्रारणही पोहोचत नाही.

या मेळाव्याच्या निमित्ताने आपण शाळेला काहीतरी भेट देणार आहोतच. स्मार्ट टीव्ही, कमान, संगमरवरी पाटी या सूचना आल्या आहेत. माझी सूचना अशी : मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोल्यांना मार्च लागण्याआधी पांढरा रंग द्यावा. एक खोली मुद्दाम तशीच ठेवावी आणि महिनाभर तिथे वर्ग भरवू नये. दोन्ही खोल्यांत तापमापी टांगावी आणि आठवीच्या मुलांनी रोज दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे वहीत लिहावेत. महिन्याने तो फरक फळ्यावर मांडावा आणि मग राहिलेली खोलीही रंगवावी. खर्च थोडा आहे. तो आपल्या तुकडीने उचलावा, असे मी व्हॉट्सॲप गटावर मांडले आहे आणि काही जणांनी होकारही कळवला आहे.

हरारत शिकलेल्या पिढीने उष्णता शिकवली. उष्णता शिकलेल्या आपल्या पिढीने निदान छत रंगवावे. गुरुजनांनी काळा डबा दाखवून जे दिले, त्याची परतफेड होत नसते. ते पुढे द्यायचे असते. जो जास्त घेतो तो जास्त देतो, हा नियम त्यांनीच शिकवला आहे.